वरचे दूध आणि मातृधर्म

अंगावरचे दूध पुरेना म्हणून तान्ह्या बाळाला त्याच्या जोडीने दिलेल्या दुधाला मराठी घरांत ‘वरचे दूध’ म्हणतात. पूर्वी ते गाईचे किंवा शेळीचे असे, आता बहुधा डब्यातल्या पावडरीचे असते. हुबळीची मराठा गल्ली असो की धारवाडची मराठा कॉलनी, बाळंतिणीला भेटायला आलेली बाई बाळाचे नाक कोणावर गेले हे पाहून झाले की दुसरा प्रश्न विचारते तो हाच: ‘अंगावरचं पुरतंय का, की वरचं सुरू केलंय?’ शेजारची कन्नड आजी हेच ‘येदिहालु’ हा शब्द वापरून विचारते. भाषा बदलली तरी प्रश्नातला भार बदलत नाही. उत्तर ‘वरचं सुरू केलंय’ असे असेल तर ते सांगताना बाळंतिणीची मान खाली जाते. तिने काही चुकीचे केले आहे, कुठल्या तरी धर्माला ती उणी पडली आहे, अशी ही भावना असते. ती कुठून आली आणि तिला शास्त्रात, कथांत व तर्कात आधार आहे का, हा या निबंधाचा विषय.

आधी दुधाचे कामकाज समजून घेतले पाहिजे, कारण धर्माचा अर्धा गोंधळ शरीराच्या अज्ञानातून होतो. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. पान्हा फुटणे म्हणतात ते हे दुसरे काम. छाती जितकी रिकामी होईल तितके नवे दूध बनते, म्हणून मागणी आणि पुरवठा एकमेकांना बांधलेले असतात. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे सोडले की पुरवठा लवकर घटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर, दाट चिकाचे दूध चमचाभरच असते, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, सात ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन चढत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ रडते हा दूध न पुरल्याचा पुरावा नाही. बाळ रडायला दहा कारणे असतात.

घरात मात्र रडण्यालाच पुरावा मानतात. संध्याकाळी बाळ किरकिरू लागले की एखादी मावशी म्हणते, ‘पोट भरत नाही गं त्याचं’, आणि डबा येतो. पावडरीचे दूध पचायला जड, त्यामुळे बाळ जास्त वेळ झोपते, कमी ओढते, त्यामुळे अंगावरचे आणखी घटते. आठवड्याभरात मावशीचे म्हणणे खरे ठरते, ते आधी खरे नव्हते तरीही. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली, फार कमी वजनाची बाळे, साखर उतरलेली बाळे, बाळंतपणात फार रक्त गेलेल्या माता, थायरॉइडचा त्रास असलेल्या किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया, जुळी मुले, या ठिकाणी वरचे दूध ही गरज असते आणि ते न देणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. म्हणजे दर तीन बाळांमागे एकाला पाणी, वरचे दूध, घुटी किंवा दुसरे काही तरी दिले जात होते. प्रश्न मोजक्या घरांचा नाही.

आता शास्त्राकडे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात प्रजापतीने निर्माण केलेल्या सात अन्नांची गोष्ट आहे. त्यांतले एक अन्न त्याने पशूंना दिले, ते म्हणजे दूध. माणूस आणि पशू दोघेही आधी दुधावरच जगतात, म्हणून जन्मलेल्या बाळाला प्रथम तूप चाटवतात किंवा स्तन देतात, असे तिथे म्हटले आहे. हा ‘किंवा’ नीट पाहण्याजोगा आहे. उपनिषदाच्या शेवटच्या अध्यायातल्या जातकर्मात दही, मध आणि तूप सोन्याच्या तुकड्याने बाळाला चाटवून मग त्याला आईच्या स्वाधीन करतात आणि स्तन देताना सरस्वतीच्या अक्षय स्तनाचे आवाहन करणारी ऋग्वेदातली ऋचा म्हणतात. आईच्या दुधाला ज्ञानाच्या देवतेच्या दुधाशी जोडणारी याहून मोठी प्रतिष्ठा नसेल. पण तोच विधी बाळाच्या तोंडाला पहिला स्पर्श दुसऱ्या अन्नाचा करतो आणि त्यात त्याला अधर्म दिसत नाही. (वर्षाखालच्या बाळाला मध देणे आज धोक्याचे मानले जाते, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. इथे मुद्दा विधीच्या आशयाचा आहे, अनुकरणाचा नाही.)

आयुर्वेद तर या बाबतीत फारच मोकळा आहे. सुश्रुताने बाळांचे तीन वर्ग सांगितले: वर्षापर्यंत क्षीरप म्हणजे दुधावरचे, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि त्यापुढे अन्नाद. आईचे दूध नसेल तर धात्री, म्हणजे दूधआई, पाहावी. चरकाने तिच्या परीक्षेला मोठी जागा दिली आहे: ती निरोगी असावी, तिचे स्वतःचे मूल जगलेले असावे, दूध भरपूर असावे. ती समान वर्णाची असावी अशीही अट आहे. धात्रीही नसेल तर शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असे वाग्भट सांगतो. पशूच्या दुधाला वर्ण लागत नाही आणि माणसाच्या दुधाला लागतो, ही त्या ग्रंथांच्या काळाची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणूनच नोंदवली पाहिजे. हुबळीच्या हेग्गेरी भागातल्या आयुर्वेद महाविद्यालयात आजही शिकवल्या जाणाऱ्या या संहितांत वरच्या दुधासाठी प्रायश्चित्त कुठे नाही. आहे ती सोय, उतरत्या क्रमाने लावलेली. आई पहिली, दुसरी स्त्री दुसरी, पशू तिसरा. क्रम लावणे आणि दोष लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळंतिणीच्या मनात त्या एक होऊन बसतात.

पुराणकथांत तर वरच्या दुधावर वाढलेल्यांची रांगच आहे. युवनाश्व राजाच्या कुशीतून मांधाता जन्मला, तेव्हा याला पाजणार कोण असा प्रश्न पडला. इंद्र म्हणाला, हा मला पिईल, आणि त्याने आपले बोट बाळाच्या तोंडात दिले. त्याच शब्दांवरून मुलाचे नाव पडले, अशी महाभारताच्या वनपर्वातली कथा. कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी पाजले आणि कोणावर अन्याय नको म्हणून तो सहा मुखांचा झाला. कृष्णाला यशोदेने वाढवले. भागवतात ती त्याला पाजत असताना चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते आणि ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. बाळ चिडून दह्याचे मडके फोडते. एका आईच्या दोन दुधांमधल्या ओढाताणीचे इतके घरगुती चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि भागवतकार यशोदेला त्यासाठी दोषी धरत नाहीत. त्याच प्रसंगाच्या अखेरीस देव तिच्या दोरीने स्वतःला बांधून घेतो.

या कथांत कर्णाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण आजच्या बाळंतिणीच्या अपराधभावनेची मुळी तिथे सापडते. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे खरे कुळ सांगतो आणि पांडवांकडे ये म्हणतो. कर्ण नकार देतो. त्याचे एक कारण असे की, आपल्याला वाढवणाऱ्या राधेच्या छातीत, आपण घरी आलो त्याच क्षणी, आपल्यावरच्या स्नेहामुळे दूध उतरले होते. न जन्म दिलेल्या बाईला केवळ मायेने पान्हा फुटला, म्हणून तीच आई. सुश्रुतही याच दिशेने बोलतो. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, आठवणीने दूध वाहते आणि त्यामागे अखंड स्नेह असतो, असे तो सांगतो. ऑक्सिटोसिनचा शोध लागण्याआधी केलेले हे निरीक्षण थक्क करणारे आहे. बाळाचे रडणे कानावर पडताच दुसऱ्या खोलीतल्या आईची चोळी ओली होते, हे ज्या घरात पाहिले आहे तिथे याला वेगळा पुरावा लागत नाही.

पण इथूनच अनुमान घसरते. माया असली की दूध येते, म्हणून दूध आले नाही तर माया नाही, असे ऐकणारा मनात उलटवून घेतो. सासूच्या बोलण्यात ते असते, शेजारणीच्या नजरेत असते, आणि सर्वांत घट्ट ते बाळंतिणीच्या स्वतःच्या मनात असते. हे अनुमान किती चुकीचे आहे ते दाखवायला बाहेरून काही आणावे लागत नाही. न्यायशास्त्र शिकणाऱ्याच्या पहिल्या पुस्तकात, अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, त्याचे उत्तर आहे. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती खरी. तिला उलटवून जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा गोळा लालबुंद असतो, हात लावला तर भाजतो, पण त्यातून धूर निघत नाही. धूर निघायला अग्नी पुरत नाही, ओल्या लाकडाचा संयोगही लागतो. नैयायिक याला उपाधी म्हणतात.

वात्सल्य आणि दूध यांचा संबंध याच जातीचा आहे. वात्सल्य असून दूध न येणारी आई हा तो तापलेला गोळा आहे. दूध यायला मायेखेरीज आणखी उपाधी लागतात: बाळाने नीट पकड घेणे, पहिल्या तासात छातीला लावणे, पुरेशी झोप, पुरेसे खाणे, रक्त, ग्रंथी, संप्रेरके. त्यांतली एखादी नसेल तर माया कितीही धगधगती असली तरी दूध येत नाही. आणि व्याप्ती सरळ बाजूनेही पक्की नाही. ग्रंथांतली धात्री पुष्कळदा मोलाची असे, तिचे दूध पगारावर वाहत असे. म्हणजे दूध हे मायेचे लक्षण दोन्ही बाजूंनी अपुरे आहे. मायेचे माप दुधाने घेणे हा हेत्वाभास आहे, आणि तो रोज एखाद्या ओल्या बाळंतिणीवर लादला जातो.

सुश्रुताच्या वचनाचा दुसरा अर्धा भाग घरोघरी विसरला जातो. क्रोध, शोक आणि मायेचा अभाव यांनी दूध नाहीसे होते, असे तो सांगतो. यातला तिसरा शब्द तेवढा उचलून बाईला लावला जातो. पहिले दोन शब्द मात्र घराला लागू पडतात. बाळंतिणीला शोक कोण देते? मुलगी झाली म्हणून उसासे कोण टाकते? ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य दिवसातून चारदा कोण ऐकवते? ग्रंथाचा रोख नीट वाचला तर दूध आटण्याची जबाबदारी एकट्या आईच्या पदरात पडत नाही. उत्तर कर्नाटकातल्या बाणंतीला अंटिन उंडी, म्हणजे डिंकाचे लाडू, मराठी घरात अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेपा, शतावरी कल्प देण्याची जी रीत आहे, तिचा औषधी गुण किती हे बाजूला ठेवले तरी एक गुण निर्विवाद आहे: कोणी तरी उठून तिच्यासाठी काही तरी करते. चाळीस दिवस ती स्वयंपाकघराबाहेर असते. डिंक कढईत फुलताना त्याचा चटचट आवाज बाजल्यापर्यंत येतो आणि तिला कळते की आपली आठवण ठेवली जाते आहे.

‘आईच्या दुधाचे पांग फेडणे’ हा मराठीतला दुसरा मोठा शब्दबंध. ‘आईचं दूध प्यायला असशील तर ये’ हे आव्हान त्याच खाणीतले. दूध हे ऋण आहे आणि शौर्याने, सेवेने ते फेडायचे असते, ही कल्पना या भाषेत खोल रुजली आहे. मग डब्यावर वाढलेल्या मुलावर ऋण कोणाचे? या वाक्प्रचारात दूध हे पदार्थाचे नाव आहे असे मानले तर उत्तर विचित्र येते: त्या मुलावर एखाद्या म्हशीचे ऋण असेल, किंवा ज्यांनी डबा विकत आणला त्यांच्या पैशाचे. पण भाषा तसे बोलत नाही. दर दोन तासांनी उठणे, पाणी उकळणे, मापाने पावडर घालणे, मनगटावर थेंब टाकून ऊब पाहणे, ढेकर येईपर्यंत पाठीवर थोपटणे, हे सगळे त्या ‘दुधा’त येते. पांग जागरणाचे असतात. धारवाडच्या साधनकेरीत राहिलेले द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडात लिहीत. त्यांनी टोपणनाव घेतले अंबिकातनयदत्त, अंबिकेचा मुलगा दत्त. ज्या कवीने दोन भाषांचे दूध पिऊन एकीला ज्ञानपीठ मिळवून दिले, त्याने सहीत आईचे नाव ठेवले. जन्माची भाषा आणि पोषणाची भाषा वेगळी असूनही कोणतीही उणी पडली नाही, हे याच गावात घडले आहे.

इथवरचे विवेचन आईच्या बाजूचे झाले. वरच्या दुधाच्या बाजूलाही एक धार्मिक प्रश्न आहे, आणि तो सत्याचा आहे. आदिपर्वात द्रोण सांगतो: श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. इतर मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले. तो ते प्याला आणि ‘दूध प्यालो’ म्हणत नाचू लागला, आणि मुले हसली. मराठी घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत हे पीठपाणी आईच देते. अनुशासनपर्वातल्या उपमन्यूला तर खरोखरच आईने ते दिले होते, आणि आधी गाईचे दूध चाखलेल्या त्या मुलाने ‘हे दूध नव्हे’ म्हणून ओळखले. दोन्ही कथांत दारिद्र्य आहे, आणि दोन्हींत दुधाच्या नावाखाली दुसरे काही तरी मुलाच्या ओठी लागले आहे.

आजच्या डब्याला पीठपाणी म्हणता येणार नाही. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात तीनांहून अधिक. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास दुप्पट. असे दूध तान्ह्या बाळाला तसेच दिले तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि लोह पुरत नाही. म्हणून ते बदलून घ्यावे लागते. १८६० च्या दशकात युरोपात लीबिग आणि नेस्ले यांनी ही वाट सुरू केली. भारतात तिचा महत्त्वाचा टप्पा कर्नाटकातच पडला: म्हैसूरला १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांचे अन्न बनवण्याची रीत बसवली आणि आणंदच्या अमूलने ती उत्पादनात आणली. धारवाडसारख्या गावाला, जिथे घरात मराठी बोलणाऱ्या गवळ्यांच्या गोठ्यांत धारवाडी म्हैस उभी असते आणि तिच्या दुधाचा पेढा गावाचे नाव मिरवतो, या शोधाचे मोल पटकन कळावे.

डबा पीठपाणी होतो तो घरात आल्यावर. महिनाअखेरीस पैसे कमी पडतात, मग चार मापांच्या जागी अडीच घातली जातात. बाटली पांढरीच दिसते, बाळ ओढतेही, आणि वजन मात्र चढत नाही. अश्वत्थाम्याचे पीठपाणी ते हेच, फक्त इथे फसवणारा कोणी नसून महागाई आहे. स्वच्छतेचा भाग वेगळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी ७० अंश सेल्सियसखाली उतरण्याआधीच ती कालवायची, मग थंड करून पाजायची, आणि दोन तासांत उरलेले टाकून द्यायचे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या कपाटातले बोंडले बरे, कारण त्याला चोच असते पण आत घाण साचायला जागा नसते. कन्नड घरांत त्यालाच ओळले म्हणतात. चांदीचे ते छोटे भांडे हाताच्या ओंजळीत मावते, चोच खालच्या ओठावर टेकवून थेंब थेंब सोडायचे असते, आणि पाजणाऱ्याला दुसरे काहीही करता येत नाही. तेवढा वेळ बाळाच्या तोंडाकडेच पाहावे लागते. बोंडल्यामुळे बाळाला बाटलीच्या बोंडाची सवय लागून अंगावरचे सोडण्याची भीतीही कमी होते.

असत्य दुसऱ्या बाजूनेही येते, विक्रीच्या. बाईच्या मनातली शंका ही बाजाराची सर्वांत सुपीक जमीन आहे. म्हणून जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्ये विक्रीची संहिता केली आणि भारताने १९९२ मध्ये कायदा केला, जो २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाच्या दुधाची, बाटलीची जाहिरात करता येत नाही, आईला किंवा डॉक्टरांना नमुने व भेटी देता येत नाहीत, डब्यावर आई किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही, आणि आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना छापावीच लागते. हुबळीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात डबा हातात घेऊन पाहावा: विकणाऱ्याला आपल्या मालाहून दुसरे चांगले आहे असे स्वतःच्या मालावर लिहावे लागते. सत्यवचनाचा इतका थेट कायदा दुसऱ्या वस्तूसाठी क्वचितच असेल. ज्या आईला डबा खरोखरच लागतो तिला ती सूचना टोचते, हेही खरे. ती सूचना विक्रेत्याच्या तोंडी घातलेली आहे. आईवर ठेवलेला तो आरोप नाही, हे तिला कोणी तरी सांगायला हवे, आणि ते काम दवाखान्यातल्या परिचारिकेचे व घरातल्या मोठ्या माणसांचे आहे.

हुबळी-धारवाडात मुसलमान वस्ती मोठी आहे, आणि या प्रश्नावर सर्वांत बारकाईचा विचार इस्लामी धर्मशास्त्राने केला आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात मातांनी पूर्ण दोन वर्षे पाजावे असे आहे, पण ज्यांना कालावधी पूर्ण करायचा आहे त्यांच्यासाठी. पाजणारीच्या अन्नवस्त्राचा भार बापावर आहे. कोणावर झेपेल त्याहून जास्त ओझे टाकू नये, आणि मुलापायी आईला किंवा बापाला त्रास होऊ नये, असेही त्याच आयतीत आहे. दोघांनी सल्लामसलत करून आधी दूध तोडले किंवा दाई ठेवली तर दोष नाही. पैगंबर स्वतः हलीमा या दाईच्या दुधावर वाढले. पण एका स्त्रीचे दूध प्यायलेली मुले दूधभावंडे होतात आणि त्यांचा विवाह निषिद्ध ठरतो. हनफी पंथात थोडे प्यायले तरी हे नाते जुळते, शाफई पंथात पाच वेळा पाजणे लागते. पशूच्या दुधाने मात्र नाते जुळत नाही, म्हणून डब्याचे दूध या हिशोबात तटस्थ आहे.

इथे एक नवा पेच येतो. १९८९ च्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती उभी करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचे वैद्यकीय शिक्षण हुबळीच्या कर्नाटक मेडिकल कॉलेजात झाले. तिथे अनेक मातांचे जादा दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून दुबळ्या बाळांना दिले जाते. आयुर्वेदाच्या क्रमात पाहिले तर ही सामुदायिक धात्री आहे, पशूच्या दुधाच्या एक पायरी वर, आणि चरकाची वर्णाची अट बाटलीत आपोआप विरघळलेली. पण दूध कोणाचे हे कळत नसल्यामुळे नात्यांचा गुंता होईल, म्हणून इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८५ च्या डिसेंबरात जेद्दाहच्या बैठकीत अशा पेढ्यांना विरोध केला. काही विद्वानांनी उलट मत दिले: थेट पाजण्याने नाते होते, अनेकींच्या मिसळलेल्या, भांड्यातून दिलेल्या दुधाने नाही. हा वाद कर्मठपणाचा समजणे अन्यायाचे होईल. दूध हे केवळ पोषण नव्हे, ते नाते जन्माला घालते, हा मूळ विचार दोन्ही पक्षांना मान्य आहे, आणि राधेय म्हणवून घेणाऱ्या कर्णालाही तो मान्य झाला असता.

लिंगायत परंपरेने प्रश्न आणखी एका अंगाने मांडला. दगडाच्या नागाला दूध घाला म्हणणारे लोक खरा नाग दिसताच त्याला मारा म्हणतात, असे बसवण्णांनी बाराव्या शतकात सुनावले. उत्तर कर्नाटकात नागपंचमी हा लेकींचा सण. माहेरवाशिणी येतात, झाडाला झोके बांधतात, उंड्या होतात. त्याच दिवशी वारुळावर ओतायचे दूध मुलांना द्यावे म्हणून बसव पंचमी साजरी करणाऱ्या चळवळी याच भागात आहेत. देवाला नैवेद्य कोणत्या भांड्यातून पोहोचला हा त्यांचा प्रश्न नाही, भुकेल्याच्या पोटात गेला की नाही हा आहे. वरच्या दुधाकडे पाहायची ती एक सरळ दृष्टी आहे.

उरतो प्रश्न धर्म कोणाचा हा. रायगडाची हिरकणी दूध विकायला गडावर गेली, दरवाजे बंद झाले, आणि घरी भुकेले तान्हे आहे म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. तिच्या मातृत्वाचे गोडवे गाताना दरवाजा बंद होता ही गोष्ट मागे पडते. दंतकथेतल्या शिवाजी महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूजही बांधला, म्हणजे आईचे धाडस गौरवले आणि पुन्हा कोणाला ते करावे लागू नये अशी तजवीजही केली. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत ते तिच्याच नावाचे. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत किंवा हुबळीच्या बाजारात कामाला जाणाऱ्या बाईचा बंद दरवाजा म्हणजे कामाची पाळी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आवश्यक झाले, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी हा १९६१ पासूनचा हक्क आहे. पण घरकाम करणारी, भाजी विकणारी बाई या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहते. तिच्या बाळाला वरचे दूध लागते ते तिच्या छातीत कमी आहे म्हणून नाही, तिच्या दिवसात वेळ कमी आहे म्हणून. अशा घरात आईला आईच्या दुधाचे महत्त्व सांगणे म्हणजे कड्याखाली उभे राहून उतरण्याचे कौशल्य शिकवणे. तिथे धर्म मालकाचा आहे, नवऱ्याचा आहे, नगरपालिकेचा आहे.

दोन्ही दुधे जोडीने चालतात तेव्हा व्यवहारात क्रम पाळला जातो: आधी दोन्ही बाजूंनी अंगावर पाजायचे, मग उरलेली भूक मोजून वरचे द्यायचे, रात्रीचे पाजणे सोडायचे नाही, दर आठवड्याला वजन करून वरचे हळूहळू कमी करता येते का ते पाहायचे. कित्येक बाळांचे वरचे असे सुटते, कित्येकांचे सुटत नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास, गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनासाठी सांगितलेल्या आणि आजच्या बालरोगतज्ज्ञांनी पूरक आहारासाठी धरलेल्या काळाच्या आसपास, उष्टावण होते. मामा बाळाला मांडीवर घेतो, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने किंवा नुसत्या बोटाने त्याच्या जिभेवर ठेवतो. बाळ तोंड वाकडे करते, जीभ बाहेर ढकलते, मग चाटते. त्या दिवशी घरात जमलेल्यांपैकी कोणीही विचारत नाही की इतके दिवस अंगावरचे किती होते आणि वरचे किती.